दिसलं म्हणायचं, मग शोधायचं

२ फेब्रुवारी, सोमवार

दहा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. लोकांची लघवी, थुंकी, पू, सगळं काचपट्टीवर घेऊन निरखलं आणि हात धुऊन निवांत जेवले. कधी मळमळलं नाही. आज हेडसेट कानाला लावला, त्याची गादी दुसऱ्या कोणाच्या घामाने ओली लागली आणि घशाशी आलं. रुमालाने पुसली तर रुमाल काळा झाला.

तर ही माझी विमानशाळा. पत्र्याची एक शेड, दोन पिवळी विमानं आणि एक चहाचं मशीन, ज्याच्या नळीत काय वाढतंय ते मला तपासायचंही नाही. जुन्या विमानाला सगळे म्हातारी म्हणतात. दुसऱ्याला नाव नव्हतं, मी मनातल्या मनात कावीळ ठेवलं आहे. रंग अगदी तसाच आहे. विमानतळ मोठा, धावपट्टी एकच. दिवसभर प्रवासी जेट चढतात, उतरतात, आणि त्यांच्या पायात पायात आम्ही शिकाऊ.

माझे प्रशिक्षक प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरतात. हेडसेटमधून ते खाकरणं थेट मेंदूत शिरतं. त्यांना आपण खोकलासर म्हणू. उडायच्या आधी धावपट्टीच्या तोंडाशी थांबायचं असतं. आज इतका वेळ थांबलो की पुढच्या जेटचा रॉकेलसारखा धूर आमच्या केबिनमध्ये येऊन बसला. टॉवरला आम्ही दिसतच नाही. जेट, जेट, पुन्हा जेट, आणि मग कधीतरी उपकार केल्यासारखं आम्हाला सोडतात. वर गेल्यावर मी पिशवीत ओकले. पिशवीला भोक होतं.

पुसायला मलाच लावलं. हे बरोबरच आहे, पण मला ते आवडलेलं नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज उडणं नाही. ताईच्या घरी राहते आहे, त्याबद्दल एकदा लिहून मोकळी होते. फ्लॅट विमानतळाला लागून आहे, दर थोड्या वेळाने काचा थरथरतात. ताई शाळेत शिकवते. भावोजी टॉवरमध्ये काम करतात. म्हणजे रेडिओवर विमानांना "थांबा", "या", "जा" सांगणारे जे आवाज असतात, त्यातला एक आमच्या घरातला आहे.

बाहेरच्या माणसाला वाटेल, हिची चंगळ आहे. मी त्यांच्याबरोबर जेवते, मला विचारा. ते घासागणिक मचमच आवाज करतात. हॉलमध्ये पेपर पसरून पायाची नखं कापतात आणि एखादं उडून सोफ्यात गेलं तर शोधत बसतात. बोलतात इतकं हळू की दोनदा विचारावं लागतं. दहा वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकलेला नाही. ताईने असा मिळमिळीत माणूस कसा काय पसंत केला, देव जाणे.

राहण्याच्या बदल्यात भांडी माझ्याकडे. कालचा भावोजींचा डबा तसाच परत आला होता. झाकणसुद्धा उघडलेलं नाही. रात्रभर बॅगेत राहिलेली भाजी, आंबूस वास, बुळबुळीत थर. नाकाला फडकं बांधून घासला. कँटीनमध्ये चमचमीत हाणत असणार, आणि ताई बिचारी पहाटे उठून डबा करते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मालकाने सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं. शाळेचा मालक पूर्वी गाड्या विकायचा आणि अजून तसाच बोलतो. बातमी अशी की प्रवासी विमानं वाढल्यामुळे महिनाअखेरीनंतर शिकाऊ विमानांना इथली वेळ मिळणार नाही. शाळा लांब कुठल्या ओसाड पट्टीवर हलणार. तिथे जागा कमी, म्हणून तोवर ज्यांनी एकट्याने विमान फिरवून उतरवलं असेल, तेवढेच पुढे. बाकीच्यांना रामराम.

म्हणजे माझ्या हातात हा महिना. लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी माझी जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली आहे. एक तर एकटीने उडायचं, नाहीतर पुन्हा काचपट्ट्या. वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी लोकांना तोंडावर सांगून आले होते की मी आता वर जाते. परत गेले तर ती सगळी तोंडं हसणार, आणि मला त्या प्रत्येक तोंडातले किडके दात माहीत आहेत.

आज पहिल्यांदा रेडिओ माझ्याकडे दिला. आम्ही सर्किट करतो, म्हणजे धावपट्टीभोवती चौकोन. चढायचं, वळायचं, पट्टीला समांतर उलट दिशेने जायचं, आणि मग आत वळून उतरायचं. गोची त्या आत वळण्यात आहे. सरळ लांबून जेट येत असतं. टॉवर म्हणतो, तुमच्या आधी एक जेट आहे, दिसल्यावर सांगा. दिसलं म्हटलं की ते जाऊ देऊन त्याच्या मागे वळायची जबाबदारी आपली. रेडिओवरचे शब्द ठरलेले असतात, वहीत मी आपलं साधंच लिहिते.

मी पाहिलं. धुरकट आभाळ, खाली धुरकट शहर, काही दिसेना. म्हणून सांगितलं, दिसत नाही. तर टॉवरने पाण्याच्या टाकीवर गोल फिरायला लावलं. मग पुन्हा विचारलं, पुन्हा दिसेना, पुन्हा गोल. खोकलासर आतल्या आत उकळत होते. उतरल्यावर म्हणाले, इथे पहिली गोष्ट शिकायची ती ही: "दिसलं म्हणायचं, मग शोधायचं. दिसत नाही म्हणालीस की ते तुला तिथेच फिरवत ठेवणार आणि आपली सकाळ संपणार."

मी म्हटलं, लॅबमध्ये काचेत दिसल्याशिवाय आम्ही लिहीत नसू. ते म्हणाले की मग लॅबमध्येच राहायचं होतं. शेडमध्ये सगळे खिदळले. तेव्हापासून माझं नाव लॅबवाली.

मला त्या सगळ्यांची शिसारी आली.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज मी म्हटलं, दिसलं.

लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं की यावर पानभर निघेल. खरं तर फार सोपं गेलं. टॉवरचं वाक्य संपलं आणि तोंडातून निघून गेलं. खोकलासरांनी अंगठा दाखवला. मग मी शोधायला लागले आणि पुढे कधीतरी जेट दिसलंही, पट्टीच्या जवळ, जिथे मी बघत नव्हते तिथे. वळले, उतरले. सर म्हणाले, आता कुठे वैमानिक वाटायला लागलीस.

चुळा भरल्या तरी तोंडाची चव जाईना. चहाच्या मशीनमुळे असेल.

एकच गोष्ट डोक्यात गेली. दुसऱ्या फेरीला टॉवरवर भावोजी होते. घरातला तो पुळचट आवाज रेडिओवर कोरडा ठणठणीत होतो, पहिल्यांदा मी ओळखलाच नाही. मी दिसलं म्हटलं. मग म्हणाले, टाकीवर गोल फिरा. आता दिसलं म्हटल्यावर फिरवायचं काय कारण? माझ्या मागे आलेल्या म्हातारीने दिसलं म्हटलं, ती सरळ उतरली. मी मात्र टाकीवर घिरट्या घालते आहे. टाकीच्या छपरावर कबुतरांनी किती घाण केली आहे ते मला आता तोंडपाठ आहे.

घरचीच माणसं अशी असतात. आपल्यावर वशिल्याचा ठपका येऊ नये म्हणून मेहुणीला जास्त पिळायचं. स्वतः सोवळे राहणार आणि मी बळी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज पुन्हा दोनदा गोल.

जेवताना भावोजींनी अचानक विचारलं, आज तुझ्या आधी जे जेट उतरलं त्याची शेपटी कसल्या रंगाची होती? मला वाटलं, गप्पा मारायचा प्रयत्न चालला आहे. त्यांना गप्पा जमत नाहीत. मी म्हटलं, निळी. ते हं म्हणाले. घास ताटातच राहिला. मग उठून बाल्कनीत जाऊन उभे राहिले, बराच वेळ. हाताला खरकटं तसंच, वाळत चाललेलं. माझी जेवणावरची वासना उडाली.

ताई म्हणाली, काय झालं यांना. मी म्हटलं, विमानांच्या शेपट्या मोजायच्या असतील.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ओकले. यावेळी पिशवी स्वतःची नेली होती. डबा पुन्हा भरलेला. एका दिवसात दोन घाणी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हसऱ्याने एकट्याने विमान उतरवलं. हसऱ्या म्हणजे माझ्यानंतर आलेला एक मुलगा, केसांना तेवीस थर जेल, सगळ्यांशी गोड, खोकलासरांचा लाडका. एकट्याने पहिल्यांदा उतरलेल्या माणसावर बादली ओतायची पद्धत आहे. बादली होती विमानाची चाकं धुण्याची. वर तेलाचा तवंग, त्यात कोणाचं तरी सिगारेटचं थोटूक. ती त्याच्या डोक्यावर उपडी केली आणि तो तोंड उघडं ठेवून हसला. मी मागे सरकले.

सगळ्यांनी त्याला गुपित विचारलं. तो म्हणाला, टॉवरचं वाक्य संपायच्या आधीच मी दिसलं म्हणून टाकतो, म्हणजे त्यांना वाटतं याची नजर घारीची आहे. शेडभर हशा. मीही हसले. हसताना मालकाने माझ्याकडे बघून म्हटलं, मॅडम, तुमचे भावोजी टॉवरमध्ये असून तुम्ही अजून टाकीवरच? शिका काहीतरी.

तळपायाची आग मस्तकात गेली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज तीन गोल. तीन. प्रत्येक वेळी मी दिसलं म्हटलं होतं. हसऱ्या एकटा म्हातारीत बसून दोनदा उतरून गेला. खोकलासर म्हणाले, तुझ्या माणसाला घरी सांग ना जरा.

म्हणून सांगितलं. ते हॉलमध्ये पेपर पसरून नखं कापत होते. मी म्हटलं, भावोजी, मला मुद्दाम का फिरवता? ते म्हणाले, घरी टॉवरचं बोलत नाही. मी म्हटलं, माझं सगळं आयुष्य पणाला लागलं आहे आणि महिना संपत आला. ते म्हणाले, हं. त्या हंने माझा तोल गेला. मग मी सगळंच बाहेर काढलं. मचमच खाणं, नखं, तो मेंगळट आवाज, ताईच्या हातचा डबा टाकून कँटीनमध्ये हादडणं. तुम्ही कोणालाच कधी काही स्पष्ट सांगू शकत नाही, म्हणूनच तिथे वर काचेत बसून लोकांना गोल गोल फिरवता, असंही म्हटलं.

त्यांनी पेपरची पुरचुंडी केली, नखांसकट, आणि केराच्या डब्यात टाकली. म्हणाले, "तुला दिसलं की मी फिरवणार नाही." आणि आत गेले.

मला दिसलंच होतं असं मी त्यांच्या पाठीला ओरडून सांगितलं.

ताई स्वयंपाकघरातून आली. ती माझ्यावर सहसा चिडत नाही. म्हणाली, "कँटीन-बिंटीन काही नाही. तिथे चौकशी केली मी. तू उडतेस त्याच दिवशी डबा भरलेला येतो. बाकीच्या दिवशी चाटूनपुसून खातात."

म्हणजे बघा. माझ्यावरचा राग अन्नावर काढतात. इतका आकस मी लॅबमधल्या एका हलकट कारकुनातही पाहिला नव्हता.

२१ फेब्रुवारी, शनिवार

अक्षर वेडंवाकडं येणार.

सकाळी टॉवरवर दुसरंच कोणीतरी होतं, एक घाईतली बाई. जेट आहे, दिसल्यावर सांगा. दिसलं. मग वळा म्हणाली, गोलबिल काही नाही. मला आनंद झाला. आत वळले. जेट बरंच पुढे गेलेलं असेल असा माझा हिशेब. ते नुकतंच तिथून गेलेलं होतं. मोठं विमान गेलं की मागे हवा पिळवटून ठेवतं, डोळ्याला काही दिसत नाही, नुसती हवा. त्यात आम्ही शिरलो. विमान एका कुशीवर पडलं. म्हणजे खरंच पडलं, खिडकीत आभाळाऐवजी घरांची छपरं. एका गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे मला अजून दिसतात, त्यात एक लाल परकर. खोकलासरांनी दांडा हिसकावून घेतला. कसं सरळ केलं ते त्यांनाच ठाऊक.

उतरलो. सर खाकरले नाहीत. पहिल्यांदाच. त्यांच्या शर्टातून भीतीचा वास येत होता. हो, भीतीला वास असतो, सुई पाहिलेल्या माणसांचा मला पुरता परिचय आहे. मग म्हणाले, "दिसलं म्हणालीस ना?"

मी म्हटलं, तुम्हीच म्हणायला सांगता.

"म्हणायचं, मग शोधायचं. तू शोधलंच नाहीस. आणि हे कोणाला सांगायची गरज नाही. मालकाला कळलं तर तू घरी आणि मीही."

मी मान डोलवली. शेडच्या मागे जाऊन ओकायचा प्रयत्न केला, पोटात काही नव्हतं. मला त्यांची किळस आली, त्या बाईची, विमानाची आणि मग माझी. माझी सगळ्यात जास्त आणि ती धुऊन जात नाही. लॅबमध्ये न बघता कोणी "निगेटिव्ह" लिहिलं असतं तर मी त्याला झाडूने हाकललं असतं.

ताईला म्हटलं, डोकं दुखतंय. भावोजी घरी होते, त्यांची आज सुट्टी. दारातून बघून गेले. थोड्या वेळाने पाण्याचा पेला उशाशी होता, कडेवर त्यांच्या बोटांचे ठसे. मी तो पेला धुऊन मग प्यायले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काल गेले नाही. आज गेले, शेडमध्ये नुसती बसून राहिले. सोडून द्यावं का? सोडलं तर सोमवारपासून पुन्हा पांढरा कोट. ते काही मरण नाही. पण मला त्या आडव्या झालेल्या खिडकीवर हे संपवायचं नाही.

खोकलासर म्हणाले, गुरुवारी तुला एकटीला सोडतो. मला वाटलं, शनिवारनंतर कसं काय? मग लक्षात आलं, एकदा मी एकटीने उतरले की शनिवारबद्दल बोलायचं मला काही कारण उरत नाही. मधाचं बोट लावतात. किती साधा हिशेब, आणि तो कळूनही मी हो म्हटलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दुपार आहे. क्रमाने लिहिते.

हवा तशीच धुरकट. हेडसेटची गादी ओली होती, मी पुसली नाही, लक्षच नव्हतं. खोकलासर माझ्याबरोबर दोनदा फिरले. मग विमान बाजूला उभं करवून पट्टा सोडला आणि उतरले. जाताना म्हणाले, एक फेरी, जास्त शहाणपण नको. शेजारची खुर्ची रिकामी झाली. तिच्यावर त्यांच्या पाठीचा ओला डाग होता.

धावपट्टीच्या तोंडाशी थांबले. टॉवरवर भावोजी. त्यांनी माझा आवाज ऐकला आणि नेहमीसारखंच सांगितलं, जेट जाऊ द्या, मग तुम्ही. चढले. एकटी असताना विमान हलकं असतं, लिफ्टसारखं वर जातं. वळले, पट्टीला समांतर आले. माझ्या मागे म्हातारी चढली होती, तिच्यात हसऱ्या एकटा.

मग ते वाक्य आलं. तुमच्या आधी एक जेट, लांबून येतंय, दिसल्यावर सांगा.

मी पाहिलं. धुरकट. अजून थोडं पाहिलं. जीभ तयारच होती, दिसलं म्हणायला, नुसतं ओठ उघडायचा अवकाश. म्हटलं असतं तर आत वळले असते, दोन मिनिटांत खाली, अंगावर घाणेरडी बादली, पुढची जागा पक्की. मला ती छपरं आठवली. तो लाल परकर.

बटण दाबलं आणि म्हटलं, "दिसत नाही."

मला वाटलं, रेडिओ बंद पडला. मग भावोजी म्हणाले, बाहेरच्या बाजूने गोल फिरा. आणि मग एक शब्द, जो ठरलेल्या शब्दांत बसत नाही: "सावकाश."

मी बाहेरच्या बाजूला वळायला लागले. मागून हसऱ्याचा आवाज आला. त्याला सांगितलं होतं, तुमच्या पुढे पिवळं शिकाऊ विमान आहे, त्याच्या मागे राहा. म्हणजे माझ्या मागे. त्याने नेहमीप्रमाणे वाक्य संपायच्या आत हसत म्हटलं, दिसलं.

वळताना माझा पट्टीकडचा पंख वर गेला, तेव्हा मला म्हातारी दिसली. माझ्या मागे नाही. आतल्या बाजूला, माझ्यापेक्षा किंचित खाली, आत वळून चाललेली. मी कधीच वळून गेले असेन असं धरून त्याने कोपरा कापला होता. नेमकी त्या जागेवर होती, जिथे मी दिसलं म्हणून वळले असते. आमच्या विमानाचे पंख डोक्यावर असतात, वळताना आतली बाजू झाकली जाते. ती मला दिसलीच नसती, आणि त्याला मीही नाही. तिच्या पाठीवरचा तेलाचा ओघळसुद्धा मला दिसला. धुतलेली नव्हती.

भावोजींचा आवाज चढला. म्हातारीला तातडीने वर चढून बाहेर निघायला सांगितलं. मग विचारलं, तुम्ही कोणाच्या मागे आहात?

हसऱ्या म्हणाला, "पुढचं विमान दिसतंय ना."

"तुम्हाला जे दिसतंय, ते तुमच्या मागे आहे."

त्यानंतर कोणीच हसलं नाही. मी टाकीवर होते. कबुतरं, त्यांची घाण, पाण्याचा गंजका पाइप. माझ्या घशातून कसला तरी आवाज येत होता, तो थांबायला अर्धा गोल लागला. मग भावोजींनी पुन्हा विचारलं, अगदी पहिल्यासारखं कोरडं. जेट दिसतंय?

मी पाहिलं. नीट, डावीकडून उजवीकडे, काचपट्टी सरकवत बघतात तसं. एक ठिपका, मग त्याला पंख, मग रंग. वाट बघायला लावली मी त्यांना. मग म्हटलं, "दिसलं. लाल शेपटी."

रंग सांगायचा नसतो. तो नियमात नाही.

"बरोबर," ते म्हणाले. "त्याच्या मागे या."

जेट पुरतं उतरू दिलं. पिळवटलेली हवा बसेपर्यंत लांबूनच आले. चाकं टेकताना एकदा उसळले, पण उतरले.

बादली कोणी आणली नाही. शेडच्या दारात मालक उभा होता, चेहरा उतरलेला. हसऱ्या जमिनीवर बसला होता आणि त्याच्या गुडघ्यांवर त्याचीच ओकारी होती. कोणी त्याला पाणीही दिलं नाही. मी दिलं. चहाच्या मशीनचं नाही, माझ्या बाटलीतलं. तोंड लावून प्यायला, बाटली तुझ्याकडेच ठेव म्हटलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळा बंद. टॉवरने कालचा प्रकार वर कळवला, चौकशी होईपर्यंत दोन्ही विमानं शेडमध्ये. एक दिवस उरला होता, तोही गेला. आणखी तिघं माझ्यासारखी रांगेत होती. त्यातली एक माझ्याकडे पाहून थुंकली, अगदी पायाशी.

मालकाने बोलावलं. म्हणाला, "मॅडम, दिसलं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? सगळ्यांच्या पोटावर पाय आणलात." मी म्हटलं, म्हटलं असतं तर तुमचं बोलणं ऐकायला मी इथे नसते. तो ऐकत नव्हता. माझी कालची फेरी तो धरणार नाही, मधे गोल मारला म्हणून ती पुरी नाही म्हणे. त्या ओसाड पट्टीवर माझ्यासाठी जागा नाही. खोकलासर तिथेच बसले होते, खिडकीबाहेर बघत. एकदा खाकरले, वाटलं आता बोलतील. मग गिळून टाकलं.

डॉक्टरीणबाईंना कळवलं, सोमवारी येते. त्या म्हणाल्या, तुझा कोट अजून खुंटीलाच आहे. कोटाच्या खिशात काय काय वाळून बसलं असेल.

घरी आले तेव्हा भावोजी हॉलमध्ये पेपर पसरून बसले होते. मी त्यांना शाळेचं सांगितलं. हं म्हणाले. मग नेलकटर खाली ठेवून म्हणाले, दुसरी शाळा आहे, लांब आहे, बसने जावं लागतं, तिथे घाई करत नाहीत. मी म्हटलं, बघू. एक नख उडून माझ्या चपलेपाशी पडलं. मी ते उचललं नाही, एवढी काही मी सुधारलेली नाही.

कालची भांडी तशीच पडली होती, काल माझ्याने काहीच झालं नाही. ताट, पेले, आणि तळाशी भावोजींचा कालचा डबा. नाकाला फडकं बांधलं, श्वास धरला आणि झाकण काढलं.

रिकामा होता. कडेकोपऱ्यातला रस्सासुद्धा बोटाने पुसून घेतलेला, झाकण आतून चाटलेलं. किती किळसवाणं खातो हा माणूस. मी फडकं सोडलं, आणि घासायला काही नव्हतं तरी बराच वेळ तो डबा घासत उभी राहिले.